एका सेलवरचे मायक्रोकंट्रोलर सर्किट मध्येच रीसेट होते किंवा सेल लवकर संपतो: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

लक्षणे

टेबलावरच्या पॉवर सप्लायवर किंवा यूएसबी केबलवर दिवसभर बिनतक्रार चालणारे सर्किट एका सेलवर लावले की अडखळू लागते, हे या बिघाडाचे नेहमीचे रूप आहे. बटण-सेल नवा असेपर्यंत सर्व ठीक असते. काही तासांनी किंवा काही दिवसांनी मात्र रेडिओ संदेश पाठवतो, बझर वाजतो किंवा एलईडी लागतो त्या नेमक्या क्षणी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सर्किट चालवणारी प्रोग्रॅमची चिप, रीसेट होते, प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो, पुन्हा त्याच जागी पोहोचतो आणि पुन्हा रीसेट होतो. सेल काढून अर्धा तास बाजूला ठेवला आणि परत बसवला तर सर्किट थोडा वेळ चालते, त्यामुळे सेलवर संशय येत नाही आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

याच बिघाडाची आणखी काही रूपे आहेत. सेन्सरचे आकडे दिवसागणिक एकाच दिशेने सरकत जातात. ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेल्यावरही टिकणाऱ्या चिपमधल्या स्मृतीत, साठवलेली सेटिंग अधूनमधून बिघडलेली आढळतात. सेल बदलल्यावर सर्किट चालूच होत नाही, पण सेल काढून मिनिटभर थांबून परत बसवला की चालू होते. शेवटचे रूप थोडे निराळे आहे: रीसेट कधीच होत नाही, पण वर्षभर पुरेल असा हिशेब केलेला सेल महिन्याभरात रिकामा होतो.

बिघाडाचे मूळ

दुरुस्तीला येणाऱ्या अशा सर्किटांसोबत एक वाक्य जवळजवळ नेहमी येते: ‘सेल चांगला आहे, मल्टिमीटरवर २.९ व्होल्ट दिसतात.’ हा आकडा खरा असतो, पण तो सेल निवांत असतानाचा आहे. प्रत्येक सेलच्या आत स्वतःचा रोध असतो आणि जितका जास्त करंट मागावा तितके जास्त व्होल्टेज त्या रोधावरच खर्ची पडते. चांगल्या स्थितीतल्या सीआर२०३२ सेलचा अंतर्गत रोध साधारण १० ते २० ओहम असतो आणि सेल संपत येतो तसा तो कित्येक पटींनी वाढतो. १५ ओहम रोध असताना सर्किटने २० मिलिॲम्पियर मागितले तर ०.३ व्होल्ट आत अडकतात आणि चिपला ते जाणवतही नाही. तोच रोध ६० ओहम झाला की १.२ व्होल्ट अडकतात, म्हणजे २.९ व्होल्ट दाखवणारा सेल त्या क्षणी चिपला जेमतेम १.७ व्होल्ट देतो. व्होल्टेजचा हा खड्डा पाच-दहा मिलिसेकंदांचा असतो आणि साधा डिजिटल मल्टिमीटर सेकंदातून दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे मीटर समोर लावलेला असूनही तो दिसत नाही.

म्हणून रीसेटसाठीच्या खालच्या प्रत्येक तपासणीत उत्तर एकाच प्रश्नाचे शोधायचे आहे: सर्किट सर्वांत जास्त करंट मागते त्या क्षणी चिपच्या पायांवर किती व्होल्टेज उरते?

फुकटच्या तपासण्या

सर्वांत आधी सेलवर छापलेले अक्षर न् अक्षर वाचावे. सीआर२०३२ आणि एलआयआर२०३२ हे आकाराने सारखेच दिसतात, पण पहिला ३ व्होल्टचा आणि पुन्हा चार्ज न होणारा आहे, तर दुसरा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल आहे. पूर्ण भरल्यावर दुसऱ्याचे व्होल्टेज ४.२ व्होल्टपर्यंत जाते आणि त्याची क्षमता ४० मिलिॲम्पियर-तासांच्या आसपास, म्हणजे पहिल्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असते. ३.६ व्होल्टची मर्यादा असलेल्या रेडिओ चिपला असा सेल थेट जोडला तर ती निकामी होऊ शकते. सीआर२०२५ सेलही २०३२ च्या होल्डरमध्ये बसतो, पण त्याची जाडी ३.२ ऐवजी २.५ मिलिमीटर असल्याने होल्डरमधली धातूची पत्ती त्याच्यावर नीट दाबली जात नाही. दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलवर चालवायचे असेल तर चिपचे किमान व्होल्टेज आधी पाहावे. बहुतेक मायक्रोकंट्रोलरना किमान १.८ व्होल्ट लागतात, त्यामुळे असा एकटा सेल थेट जोडून ते चालणारच नाहीत. चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल तर १.२ व्होल्टचाच असतो.

त्यानंतर होल्डर पाहावा. माझ्या अनुभवात सेल बदलूनही न सुटणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच निघते. सेल बोटांनी हाताळला की त्यावर तेलकट थर बसतो, आणि लहान मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही सेलांवर कडू चवीचा लेप दिलेला असतो, तोही काही होल्डरमध्ये संपर्कात अडथळा आणतो. सेलच्या दोन्ही बाजू आणि होल्डरची पत्ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. पत्तीवर डाग असेल तर साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे; पॉलिश पेपर वापरू नये, कारण पत्तीवरचा मुलामा एकदा खरवडला गेला की खालचा धातू लवकर गंजतो. एका सेन्सरमध्ये ही पत्ती वरून अगदी ठीक दिसत होती. भिंग लावून आडवे पाहिले तेव्हा तिचे टोक सेलपासून केसभर उचललेले होते आणि डबी हातात असताना बोटाच्या दाबाने झाकण खाली जाऊन तो संपर्क जुळत होता. टेबलावर ठेवली की डबी बंद आणि तपासायला उचलली की चालू, असा तो प्रकार होता. सेल बाहेर काढून पत्ती चिमट्याने जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली वाकवल्यावर तो सेन्सर सुरळीत चालू लागला.

सर्किट ब्रेडबोर्डवर असेल तर याच पायरीवर जम्पर तारा हलवून पाहाव्यात. सैल जम्परचा एखाददुसरा ओहम बटण-सेलच्या सर्किटला फारसा जाणवत नाही, पण पेन्सिल सेलवरच्या बूस्ट कन्व्हर्टरला (कमी व्होल्टेज वाढवून देणाऱ्या भागाला) तो पुरेपूर जाणवतो. त्याचे कारण पुढे दिले आहे.

सेलवर भार टाकून मोजणी

या मोजणीला एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर एवढेच लागते. सेल सर्किटमधून काढावा, मोकळ्या स्थितीत त्याचे व्होल्टेज लिहून घ्यावे, मग त्याच्या दोन टोकांमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर दोन सेकंद धरून पुन्हा व्होल्टेज लिहावे. दोन आकड्यांतील फरकाला भाराखालच्या आकड्याने भागून १०० ने गुणले की अंतर्गत रोध मिळतो. समजा मोकळे व्होल्टेज ३.०५ आणि भाराखाली २.६० आले, तर रोध सुमारे १७ ओहम निघतो आणि सेल चांगला आहे. मोकळे २.९० आणि भाराखाली १.७५ आले, तर रोध ६५ ओहमच्या पुढे जातो आणि रेडिओ असलेल्या सर्किटसाठी तो सेल संपलेला आहे, मोकळे व्होल्टेज काहीही असो. पेन्सिल सेलसाठी १०० ऐवजी १० ओहम वापरावेत आणि तितक्याच ओहमने गुणावे. रेझिस्टर दोन सेकंदांहून जास्त धरू नये, कारण मोजताना सेल विनाकारण खर्च होतो. लिथियम-आयन सेलवर हा प्रयोग करू नये. त्याचा अंतर्गत रोध मुळातच इतका कमी असतो की या पद्धतीने काही कळत नाही आणि चुकून शॉर्ट झाल्यास धोका मोठा असतो.

थंडीत हा रोध आणखी वाढतो. घरात चालणारा सेन्सर बाहेर लावल्यावर पहाटेच्या सुमारास रीसेट होत असेल, तर मोजणी सेल थंड असतानाच करावी.

प्रोग्रॅम आणि सेटिंग

इथे पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. पहिले काम म्हणजे रीसेटचे कारण चिपलाच विचारणे. एव्हीआर गटातल्या (एटीमेगा, एटीटायनी वगैरे) चिपमध्ये एमसीयूएसआर नावाचे रजिस्टर, म्हणजे नोंदीची छोटी जागा, असते आणि वीज नव्याने आली, रीसेटचा पाय खाली ओढला गेला, व्होल्टेज घसरले की वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकल्यास चिप रीसेट करणारा टायमर) सुटला, हे त्यातल्या वेगवेगळ्या बिटांवरून कळते. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच ते वाचून साठवावे आणि मग पुसावे. काही बूटलोडर (नवा प्रोग्रॅम भरून घेणारे चिपमधले छोटे प्रोग्रॅम) ते आधीच पुसून टाकतात, म्हणून उत्तर सतत शून्य येत असेल तर बूटलोडरशिवाय प्रोग्रॅम भरून पाहावा. व्होल्टेज घसरल्याचा बिट चढलेला दिसला की प्रोग्रॅममध्ये चूक शोधणे थांबवावे. ईएसपी३२ या वायफाय चिपवर हीच खबर संगणकावरच्या सिरियल मॉनिटरवर ब्राउन-आउटच्या (व्होल्टेज घसरल्याच्या) संदेशाने मिळते.

दुसरे काम म्हणजे घड्याळाचा, म्हणजे चिप ज्या तालावर सूचना राबवते त्याचा, वेग तपासणे. एटीमेगा३२८पी ही चिप १.८ व्होल्टपासून चालते असे सर्वत्र लिहिलेले असते, पण उत्पादकाच्या डेटाशीटप्रमाणे १.८ व्होल्टला ४ मेगाहर्ट्झपर्यंत, २.७ व्होल्टला १० मेगाहर्ट्झपर्यंत आणि ४.५ व्होल्टला २० मेगाहर्ट्झपर्यंतच ती खात्रीने चालते. मधल्या वेगांसाठी सरळ रेषेत हिशेब केला तर १६ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. म्हणजे १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा बोर्ड ३ व्होल्टच्या सेलवर पहिल्या क्षणापासूनच मर्यादेबाहेर चालतो. तो टेबलावर चालून दाखवतो, म्हणून फसवतो. आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर यावे आणि त्यालाही भागून ४ किंवा १ मेगाहर्ट्झवर उतरवावे. वेग बदलल्यावर सिरियलचा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) आणि वेळेची गणिते बदलतात, ती त्याच वेळी दुरुस्त करावीत. एटीटायनी८५ वापरत असल्यास चिपवरचे नाव नीट वाचावे, कारण साधी एटीटायनी८५ ही २.७ व्होल्टपासून चालते आणि नावाच्या शेवटी ‘व्ही’ असलेली १.८ व्होल्टपासून.

तिसरी गोष्ट ब्राउन-आउट डिटेक्शनची, म्हणजे व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेले की चिप आपोआप रीसेट करणाऱ्या सोयीची. अनेक तयार बोर्डांवर त्याची पातळी २.७ व्होल्टला ठेवलेली असते. सेलमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असतानाच व्होल्टेज त्या पातळीखाली जाते आणि चिप रीसेट होते. यावर उपाय म्हणून ही सोय सरसकट बंद करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळतो आणि तो मला अजिबात मान्य नाही. व्होल्टेज खूप खाली गेल्यावर चिप बंद न होता चुकीच्या सूचना राबवू लागते आणि लक्षणांमध्ये सांगितलेला ईईप्रॉमचा बिघाड बहुधा तिथूनच येतो. पातळी १.८ व्होल्टला आणावी, घड्याळ ४ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून कमी ठेवावे आणि झोपेतला (चिप काम थांबवून अगदी कमी करंटवर असतानाचा) करंट वाचवायचा असेल तर ही सोय फक्त झोपेपुरती बंद करावी. नावाच्या शेवटी ‘पी’ असलेल्या एटीमेगा चिपमध्ये ते प्रोग्रॅममधून करता येते.

आता या भागातली सर्वांत उपयोगी युक्ती. एटीमेगा३२८पी आपल्या आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भ-व्होल्टेजची मोजणी पुरवठ्याच्या तुलनेत करू शकते. एडीसीने (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या चिपमधल्या भागाने) दिलेल्या आकड्याने १.१ गुणिले १०२४ ला भागले की पुरवठ्याचे व्होल्टेज मिळते. ही मोजणी नेहमी रिकाम्या वेळी केली जाते. ती रेडिओ संदेश पाठवत असताना करावी आणि आतापर्यंतचा सर्वांत खालचा आकडा साठवून पुढच्या संदेशात पाठवावा. चिपागणिक हा संदर्भ १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान असू शकतो, म्हणून एकदा मल्टिमीटरशी ताडून घ्यावा. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र) नसतानाही खड्ड्याची खोली यातून कळते. सेन्सरचे सरकणारे आकडेही याच वाटेने सुधारता येतात, कारण एडीसीने पुरवठ्यालाच मोजपट्टी मानलेले असेल तर सेल उतरेल तशी ती मोजपट्टीच आखडत जाते.

शेवटी, सर्किटची कामे एकाच वेळी होत आहेत का ते पाहावे. एलईडी लागलेला, सेन्सर तापत असलेला आणि त्याच क्षणी रेडिओ सुरू, असे असेल तर ती एकामागून एक करावीत आणि मध्ये सेलला सावरायला वेळ द्यावा.

एक कपॅसिटर

खड्डा भरून काढण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे भाराच्या जवळ, चिपच्या पुरवठ्यावर कपॅसिटर लावणे. किती मोठा, हे अंदाजाने ठरवू नये. करंटला वेळेने गुणून कपॅसिटन्सने भागले की व्होल्टेजची घसरण मिळते. २० मिलिॲम्पियरचा भार ५ मिलिसेकंद टिकत असेल आणि सेलची मदत हिशेबात धरली नाही, तर १०० मायक्रोफॅरडवर १ व्होल्टची घसरण होते आणि ४७० मायक्रोफॅरडवर सुमारे ०.२ व्होल्टची. म्हणजे सवयीने लावलेला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर इथे काहीच करत नाही. प्रत्येक चिपच्या पायाशी लागणारा ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर याच्या जोडीला हवाच. त्याचे काम वेगळे आहे.

मोठ्या कपॅसिटरचे दोन तोटे आहेत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून थोडा करंट सतत झिरपतो आणि काही मायक्रोॲम्पियरवर झोपणाऱ्या सर्किटमध्ये तो मोजण्याइतका ठरतो, म्हणून लावण्यापूर्वी आणि नंतर झोपेतला करंट मोजावा. दुसरे म्हणजे सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ व्होल्टेज उरते. सेल लगेच बदलला तर चिप पूर्ण शून्यावर न जाता अर्धवट अवस्थेत अडकते, आणि मिनिटभर थांबल्यावर सर्किट चालू होते ते याचमुळे. ब्राउन-आउट डिटेक्शन चालू ठेवल्याने हा त्रास बहुतेक वेळा मिटतो.

सेल लवकर संपत असेल तर

सीआर२०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पियर-तास असते. सर्किट झोपेत ०.३ मिलिॲम्पियर घेत असेल तर सुमारे ७३० तासांत, म्हणजे महिन्याभरात सेल संपतो. ३ व्होल्टवर १० किलोओहमच्या एका पुल-अप (चिपचा पाय पुरवठ्याशी जोडणाऱ्या) रेझिस्टरमधून, तो पाय खाली ओढलेला राहिला, तर नेमके इतकेच जाते. महिनाभर पुरणाऱ्या सेलचे कोडे कित्येकदा या एकाच रेझिस्टरपाशी सुटले आहे.

झोपेतला करंट मोजताना मल्टिमीटर मायक्रोॲम्पियरच्या रेंजवर थेट लावला तर त्याच्या आतल्या रोधामुळे चिप जागी होतानाच रीसेट होते आणि मोजणी फसते. त्याऐवजी सेलच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाकावा आणि तो एका जम्परने शॉर्ट करून ठेवावा. सर्किट झोपले की जम्पर काढावा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज वाचावे: १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोॲम्पियर. चिप जागी होण्यापूर्वी जम्पर परत लावावा.

आकडा शंभरांत किंवा हजारांत आला तर पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात: बोर्डावरचा पॉवर एलईडी, यूएसबीची चिप, बोर्डावरचा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग), झोपेपूर्वी बंद न केलेला एडीसी, कुठेच न जोडलेले इनपुट पाय आणि सेलचे व्होल्टेज मोजण्यासाठी कायम जोडून ठेवलेले दोन रेझिस्टर. तयार बोर्ड सेलवर चालवण्यापेक्षा सुटी चिप वापरणे मला नेहमीच श्रेयस्कर वाटते.

रेग्युलेटर आणि बूस्ट कन्व्हर्टर

हा भाग शेवटी येतो, कारण इथे सुटे भाग बदलावे लागतात. ३.७ व्होल्टच्या लिथियम-आयन सेलवर अनेक बोर्डांत एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. त्याला आत आणि बाहेरच्या व्होल्टेजमध्ये सुमारे १ व्होल्टचे अंतर लागते, म्हणून ३.७ व्होल्टवर तो ३.३ देऊच शकत नाही, आणि शिवाय स्वतःसाठी काही मिलिॲम्पियर खातो. एमसीपी१७०० सारखा रेग्युलेटर स्वतः दोन मायक्रोॲम्पियरहून कमी घेतो आणि त्याला अंतरही थोडेच लागते, पण तो २५० मिलिॲम्पियरपर्यंतचाच आहे. ईएसपी३२ ला ५०० मिलिॲम्पियर देऊ शकणारा पुरवठा हवा असे तिचा उत्पादक सांगतो, तेव्हा तिथे तो पुरणार नाही. बटण-सेलवर वायफाय चालवण्याचा हट्ट तर सोडूनच द्यावा.

पेन्सिल सेलवर बूस्ट कन्व्हर्टर असेल तर बाहेर दिलेल्या वीजशक्तीचा सगळा भार आतल्या बाजूने कमी व्होल्टेजवर ओढला जातो. ३.३ व्होल्टवर १०० मिलिॲम्पियर द्यायचे असतील, सेल १ व्होल्टवर आलेला असेल आणि कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर सेलमधून ४०० मिलिॲम्पियरहून जास्त करंट निघतो. त्यामुळे सेल आणखी घसरतो, कन्व्हर्टर आणखी करंट ओढतो आणि दुष्टचक्र सुरू होते. सैल जम्परचा अर्धा ओहम इथे ०.२ व्होल्ट खातो, तो असा. शिवाय एकदा सुरू झालेला कन्व्हर्टर जितक्या खालच्या व्होल्टेजवर चालत राहतो, तितक्या व्होल्टेजवर तो नव्याने सुरू होईलच असे नाही, आणि भार जोडलेला असताना तर नाहीच. म्हणून सुरू होताना भार तोडून ठेवावा. अगदी लहान सर्किटसाठी एटीटायनी४३यू या चिपच्या आतच बूस्ट कन्व्हर्टर आहे आणि तो ०.७ व्होल्टपर्यंत चालतो.

कुठे थांबावे

लिथियम-आयन सेल फुगला असेल, चार्ज होताना हाताला गरम लागत असेल किंवा त्यातून गोडसर उग्र वास येत असेल, तर पुढचे काहीही तपासू नये. तो चार्जरवरून काढावा, टोचू किंवा दाबू नये, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा आणि जाणकाराकडे द्यावा. सीआर प्रकारचा सेल कधीही चार्ज करून पाहू नये. चार्जिंगच्या सर्किटमध्येच दोष दिसत असेल, तर ते काम त्यातला अनुभव असलेल्या तंत्रज्ञाचे आहे. तपासणी चालू असताना बटण-सेल लहान मुलाच्या हाती लागून गिळला गेला, किंवा तशी नुसती शंका जरी आली, तरी लगेच रुग्णालय गाठावे. दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

सर्किट वैद्यकीय उपकरणाचे, आगीच्या किंवा वायुगळतीच्या सूचकाचे असेल, तर होल्डर पुसणे आणि उत्पादकाने सांगितलेला सेल बसवणे यापलीकडे स्वतः जाऊ नये. इतर सर्किटांत वरच्या सर्व तपासण्या करूनही रीसेट थांबला नाही, तर बोर्डावरच्या तडकलेल्या सोल्डरची किंवा बिघडलेल्या भागाची शक्यता उरते आणि ती शोधायला ऑसिलोस्कोप व सरावलेला हात लागतो. अशा वेळी सर्किटसोबत चार आकडे कागदावर लिहून द्यावेत: सेलचे मोकळे व्होल्टेज, भाराखालचे व्होल्टेज, झोपेतला करंट आणि रीसेटच्या रजिस्टरने सांगितलेले कारण.